आशयाच्या रकान्यात

चार खुंट्या ठोकून सुतळी ताणली, दहा बाय दहा मीटरची चौकट तयार झाली. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाची ही देवराई. डी.एड.चे माझे छात्राध्यापक चौकटीतल्या प्रत्येक झाडाला १.३७ मीटर उंचीवर टेप लावतात, घेर टिपतात आणि मग उकिडवे बसून रोपं मोजतात. ही मोजणी पाश्चात्त्य परिसरविज्ञानाची. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास केला, तो या विज्ञानाच्या नजरेनंच. पण गावकऱ्यांचं बोट धरून.

दुसरी चौकट राईबाहेर, हिरड्याच्या झाडांखाली. तिथं झाडं भरपूर, पण हिरड्याचं रोप एकही नाही. राईत मात्र रोपं ठिकठिकाणी होती. मुलं बुचकळ्यात पडली. सोबत आलेले महादेव कोळी बाबा म्हणाले, "बाळहिरडा आम्ही कोवळाच झोडतो. बी धरायच्या आत. मग रोप कुठून यायचं? राईतलं फळ कुणी तोडत नाही, तेवढंच पिकून पडतं."

मी मुलांना लिहा म्हटलं. बाळहिरड्यावर इथली घरं चालतात, तेव्हा झोडणं थांबवा असं सांगून वर्गात भागत नाही. आणि राईची रीत सगळीकडे टिकलीय असंही नाही; जीर्णोद्धाराच्या नावाखाली झाडं तोडून सिमेंटचा सभामंडप उभा राहिलेला मी पाहिला आहे. पण बी कुठं राखलं जातं, हे बाबांना मोजणीआधीच ठाऊक होतं.

संध्याकाळी परिसर अभ्यासाच्या सराव पाठांची टाचणं तपासायला घेतली. बहुतेकांनी चौकटीतले आकडे 'आशया'त लिहिले होते आणि बाबांचं बोलणं 'प्रस्तावने'त, गोष्ट म्हणून. दोघांनी तर 'श्रद्धा' असा मथळा दिला होता. दरवर्षी हेच होतं आणि दरवर्षी मला तितकंच लागतं. बाबांनी निरीक्षण सांगितलं होतं, कारणासकट. मी सगळी टाचणं परत दिली: दोन्ही एकाच रकान्यात लिहा, आणि एकावरून दुसरं कसं तपासाल तेही लिहा.

एक मुलगी मागे थांबली. तिच्या टाचणात बाबांचा उल्लेखच नव्हता. म्हणाली, "मॅडम, माझी आजी पण हिरडा वेचते. अंगणात वाळत घालतो आम्ही, काळा पडेपर्यंत. कुठल्या झाडाचा सोडायचा, हे तिला माहितीये." थोडं थांबून तिनं विचारलं, "हे टाचणात लिहायचं असतं?"

तिच्या वहीत 'आशया'खाली मी तीन ओळी मोकळ्या सोडायला सांगितल्या. रविवारी ती घरी जाणार होती.