साबची किल्ली

मोटारगाडीची किल्ली कोठे लावावी, हा काही अग्रलेखाचा विषय नव्हे, असे वाचक म्हणतील. परंतु एका कारखान्याचे सारे व्यक्तिमत्त्व त्या किल्लीत सामावले होते. स्वीडनमधील 'साब' ही मुळात १९३७ साली स्थापन झालेली विमाने बांधणारी कंपनी. ट्रोलहेट्टान येथे १९४९ च्या अखेरीस तिच्या मोटारगाड्यांचे उत्पादन सुरू झाले. पुढे 'साब ९९' मध्ये किल्लीची जागा स्टिअरिंगपाशी न ठेवता दोन आसनांच्या मध्ये नेण्यात आली. अपघातात चालकाच्या गुडघ्याला इजा होऊ नये, हा त्यामागील विचार. ती काढायची तर आधी गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकावी लागे. हा विक्षिपणा ज्यांना मानवला, ते दुसऱ्या गाडीकडे फिरकले नाहीत. मात्र अशा भक्तांची संख्या थोडी आणि कारखान्याचा खर्च मोठा!

१९९० साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने साबच्या मोटार विभागाचा निम्मा हिस्सा घेतला आणि २००० साली उरलेलाही. ओपेलच्या सांगाड्यावर साब उभी राहू लागली. हेही एक वेळ क्षम्य होते. परंतु पुढे सुबारूची जपानी गाडी 'साब ९-२एक्स' म्हणून आणि ओहायोत बनणारी शेवरोले 'साब ९-७एक्स' म्हणून विकण्यात आली. त्या शेवरोलेतही किल्ली तेवढी आसनांच्या मध्ये आणून बसवली होती! देव्हाऱ्यातील मूर्ती बदलायची आणि घंटा मात्र जुनीच ठेवायची, असा हा प्रकार.

सारा दोष अमेरिकन मालकाच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. साब आधीपासूनच तोट्यात होती. त्या भांडवलाविना ती कदाचित आणखी लवकर मिटली असती. तथापि मालकी परकी म्हणजे ओळख गेलीच, असेही नाही. २००८ साली आपल्या टाटांनी जग्वार-लँड रोव्हर घेतली, २०१० साली चीनच्या गीलीने व्होल्वो घेतली. दोन्हींचा विक्रेता एकच, फोर्ड. या नव्या मालकांनी पैसा ओतला, पण गाडी कशी असावी हे ठरविण्याचे काम बव्हंशी ती घडविणाऱ्यांकडेच राहू दिले. आमच्या मते फरक पडला तो येथे.

२०१० साली साब स्पायकर या छोट्या डच कंपनीकडे गेली. चिनी खरेदीदार पुढे आले, तेव्हा आपले तंत्रज्ञान त्यांच्या हाती देण्यास जनरल मोटर्सने नकार दिला आणि १९ डिसेंबर २०११ रोजी दिवाळे निघाले. कारखाना घेणाऱ्या नव्या कंपनीचा नाव वापरण्याचा हक्कही २०१४ साली मूळ विमान कंपनीने काढून घेतला. साब हे नाव आता पुन्हा विमानांवर आणि युद्धसामग्रीवरच दिसते.