पावती जपा, आकडा तपासा



गळीत हंगाम सुरू झाला की आम्हा शेतकी खात्याच्या माणसांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "साहेब, माझं टनेज एवढं कमी कसं?" पूर्वी याचं उत्तर जाडजूड खतावणीत शोधावं लागे. काट्यावरचा कारकून वजन वाचून पावतीवर लिही, ते पुढे खतावलं जाई आणि पंधरवड्याचं बिल काढताना हिशोब खात्याच्या रात्री जागून निघत. आता इलेक्ट्रॉनिक काट्यावरून वजन थेट संगणकात जातं, बिल बँकेत जमा होतं आणि मोबाईलवर संदेश येतो. बेरीज-वजाबाकीची चूक जवळजवळ संपली. पण चूकच संपली असं समजू नका. तिने फक्त जागा बदलली आहे.

काही वर्षांमागची गोष्ट. एक मावशी गट ऑफिसात आल्या. लागण आणि खोडवा मिळून चार खेपा गेलेल्या, बिल मात्र दोनच खेपांचं. मार्चअखेर सोसायटी भरायची होती. संगणक पाहिला तर हिशोब बिनचूक! मावशींनी पिशवीतून चारही पावत्या काढल्या. वाचता येत नसलं तरी कागद टाकायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खोडव्याच्या दोन पावत्यांवर नाव दुसऱ्याच सभासदाचं! कोड नंबरात ९ च्या जागी १ पडला होता. ती नोंद मीच घेतली होती, बांधावर उभं राहून, घाईघाईत. त्या सभासदाने भलेपणाने कबुली दिली, पुढच्या बिलात दुरुस्ती झाली. पण मावशींची मार्चअखेर हुकली ती हुकलीच. जुना कारकून माणूस ओळखायचा. संगणक आकडा ओळखतो.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

१) ऊसनोंद देताना कोड, गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागण तारीख वाचून घ्या, मगच सही करा.

२) काटा पावतीवर भरलेलं आणि रिकामं, दोन्ही वजनं पाहा. भरलेलं २४.६५० टन आणि रिकामं ७.३५० टन असेल तर आपला ऊस १७.३०० टन.

३) दराचं गणित शिकून घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे. उतारा ११.२५ धरला तर ३,८९६ रुपये होतात. यातून तोडणी-वाहतूक खर्च वजा होतो.

४) बिलातली सोसायटी आणि इतर कपात स्वतःच्या वहीशी ताडून पाहा. ऊस दिल्याची तारीखही मांडून ठेवा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते.

शंका आली तर लाजू नका. पावत्या घेऊन गट ऑफिसात या. हंगाम संपल्यावर नाही, त्याच पंधरवड्यात या. त्या वेळी दुरुस्ती सोपी असते.

मी आता नोंद घेताना कोड मोठ्याने वाचतो आणि सभासदाकडूनही वदवून घेतो. आमच्यातला कुणी घाईत विसरलाच, तर तुम्ही त्याच्याकडून वदवून घ्या.