लिनक्स निवडताना आधी अपडेटचा वेग बघा

मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एक बारीकशी गोष्ट खटकली. डेबियन या लिनक्स डिस्ट्रोच्या (वितरणाच्या) अस्थिर शाखेवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षित प्रवेश देणाऱ्या सॉफ्टवेअरने, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. माग काढत तो एक्सझेड या फाइलींचा आकार कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी पोचला. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता.

डेबियनची स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांपर्यंत ही पॅकेजं आलीच नव्हती. आर्च ही दुसरी डिस्ट्रो वापरणाऱ्यांकडे मात्र ती येऊन बसली होती. त्यांच्या एसएसएचची जोडणी वेगळी, म्हणून ते निभावले.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली जाहीर केलेलं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळ्याच डिस्ट्रोंच्या पोटात आहे. खरा फरक आहे तो नवं सॉफ्टवेअर किती मुरवून तुमच्या हातात दिलं जातं याचा. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते. उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ साथ मिळणारी आवृत्तीही दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. मिंट तिच्यावरच बेतलेलं आहे. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवं होतं, पण एका आवृत्तीची साथ जेमतेम तेरा महिने. आर्चमध्ये आवृत्ती हा प्रकारच नाही. तिथे अपडेटचा ओघ अखंड चालू असतो. दिसण्यावरून डिस्ट्रो निवडणाऱ्यांचं मला नवल वाटतं. केडीई, नोम, एक्सएफसीई यांपैकी हवं ते रूप बहुतेक डिस्ट्रोंवर चढवता येतं.

मुरवण्याची किंमतही असते. नुकत्याच बाजारात आलेल्या लॅपटॉपची वायफाय चिप जुन्या कर्नलला ओळखू येईलच असं नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. धडधाकट असूनही विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या संगणकांसाठी माझा कौल मिंटला. रॅम कमी असेल तर त्याची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. रोज टर्मिनलशी झटापट करायची हौस असेल, तरच आर्च.

डिस्कला हात लावण्याआधी निवडलेली डिस्ट्रो पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा. वायफाय, आवाज, मराठी कीबोर्ड तपासा. लॅपटॉपचं झाकण मिटून उघडल्यावर तो जागा होतो का, तेही पाहा. यातलं काही अडलं, तर त्याच पेन ड्राइव्हवर फेडोरा घालून पुन्हा तपासा. त्यातलं कर्नल बरंच ताजं असतं.