तालमीला वरची वाट

छत्रपती शाहू स्टेडियमवर लीगचे शेवटचे सामने सुरू झाले, की कोल्हापुरात दोन हिशेब मांडले जातात. पहिला विजेतेपदाचा. तो वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येतो आणि पेठापेठांत त्यावर पैजा लागतात. दुसरा हिशेब तळाचा. कोणाला अजून किती गुण हवेत, कोणाची गाठ कोणाशी उरली आहे, बरोबरी चालेल की जिंकायलाच हवं, हे चहाच्या टपरीवर तोंडी मांडलं जातं. या दुसऱ्या हिशेबाकडे माझं जास्त लक्ष असतं. वरच्या दोन संघांतला सामना हरला तर एक चषक जातो. तळाचा सामना हरला, तर पुढचा अख्खा हंगाम त्या गल्लीच्या वाट्याला मोठी गॅलरी येत नाही.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची केएसए, ही १९४० सालची संस्था. तिला छत्रपती घराण्याचा आश्रय सुरुवातीपासून लाभला आणि तो आजही आहे. तिच्या वरिष्ठ गटात सोळा संघ खेळतात. त्यांचे 'सुपर आठ' आणि 'सिनिअर आठ' असे दोन भाग पडतात, आणि त्याखाली कनिष्ठ गटांची उतरंड असते. खाली घसरायचं आणि पुन्हा झगडून वर यायचं, हा नियम या गावाने मनापासून स्वीकारला आहे. भारतातल्या सर्वांत श्रीमंत लीगला, म्हणजे इंडियन सुपर लीगला (आयएसएल), तो अजून पुरता पचलेला नाही.

हे संघ कुठून आले ते नावांवरूनच कळतं. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. जिथे लाल मातीच्या हौद्यात पोरं घुमायची, तिथेच पुढे फुटबॉलचे बूट आले. राजर्षी शाहूंनी कुस्तीसाठी बांधून घेतलेलं खासबाग मैदान शाहू स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एका खेळाची ईर्ष्या दुसऱ्यात उतरायला फार लांब जावं लागलं नाही. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, झुंजार, फुलेवाडी ही नावंही त्याच मातीतली. याच तालमी गणपती बसवतात, शिवजयंती करतात, आणि २०१९ चा महापूर आला तेव्हा घराघरांतून माणसं बाहेर काढायला गल्लीतली हीच पोरं पुढे होती. फुटबॉल हे त्यांच्या अनेक कामांतलं एक काम आहे. म्हणून संघ हरला तरी मंडळ मोडत नाही.

मी राजारामपुरीतला. आमचा भाग जुन्या पेठांच्या मानाने नवा. राजाराम महाराजांच्या नावाने वसलेली, नंबर घातलेल्या सरळ गल्ल्यांची ही वसाहत. आता तिचा मुख्य रस्ता दुकानं, दवाखाने आणि क्लासेसनी गजबजलेला असतो. पेठेतल्या पोराला संघ जन्मानेच मिळतो. आमच्याकडे तो निवडावा लागतो. कुणी मामाच्या पेठेचा संघ धरतो, कुणी मित्राच्या. सम्राटनगर स्पोर्ट्ससारखं जवळच्या वसाहतीचं नाव वरिष्ठ गटाच्या वेळापत्रकात दिसलं की आमच्या बाजूची पोरं खूश होतात. सामन्याच्या दिवशी दुपारी बागल चौक, उमा टॉकीज ओलांडत दुचाक्यांची रांग स्टेडियमकडे निघते. गॅलरीत हलगी वाजत असते, आणि उन्हाचा विचार कुणी करत नाही.

या गावाला स्पेनच्या खालच्या लीगची गोष्ट सांगितली पाहिजे, असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटतं. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना इथल्या प्रत्येक पोराला पाठ आहेत. मला सांगायचंय ते त्यांच्या खाली काय चालतं त्याबद्दल.

स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत २२ संघ असतात आणि प्रत्येक जण ४२ सामने खेळतो. पहिले दोन थेट ला लीगात जातात. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या चार संघांत एका जागेसाठी प्ले-ऑफ होते. उपांत्य फेरी आणि अंतिम फेरी, दोन्ही घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर अशा दोन-दोन सामन्यांच्या. ही पद्धत २०१०-११ पासूनची. तिच्यातला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. दोन्ही सामने मिळून गोल सारखे झाले तर जादा वेळ खेळवला जातो. त्यातही फैसला लागला नाही तर टायब्रेकर होत नाही. लीगमध्ये जो वर होता तो पुढे जातो. नऊ-दहा महिन्यांचं काम पाच पेनल्टींच्या नशिबावर टाकायचं नाही, असा त्यामागचा विचार.

जून २०२५ मध्ये या नियमाची धार दिसली. अंतिम फेरीत तिसऱ्या क्रमांकाचं ओविएदो आणि चौथ्या क्रमांकाचं मिरांदेस समोरासमोर आले. मिरांदेस हा मिरांदा दे एब्रो या रेल्वे जंक्शनच्या गावाचा संघ. गावाची वस्ती पस्तीस-छत्तीस हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. मैदानात जेमतेम पाच-सहा हजार माणसं बसतात. संघ बराचसा मोठ्या क्लबांकडून उसन्या घेतलेल्या पोरांचा. घरच्या मैदानावर ते १-० ने जिंकले. ओविएदोत पहिला गोलही त्यांनीच केला, आणि मिरांदेस इतिहासात पहिल्यांदाच ला लीगाच्या दाराशी उभं राहिलं. मग चाळिशीतल्या सांती काथोर्लाने पेनल्टीवर गोल केला, ओविएदोने दुसरा केला आणि जादा वेळेत तिसरा. २४ वर्षांनी ओविएदो वर गेलं. शेवटचा गोल झाला नसता तरी तेच गेले असते, कारण लीगमध्ये ते एका पायरीने वर होते. त्या एका पायरीसाठी झालेला फेब्रुवारीतला एखादा बरोबरीचा सामना तेव्हा कुणाच्या लक्षातही आला नसेल.

दुसरी गोष्ट एइबारची, आणि ती आमच्या शेजारच्या शिवाजी उद्यमनगरात प्रत्येक लेथवर सांगावी अशी आहे. बास्क प्रांतातलं हे गाव डोंगराच्या घळईत वसलेलं, वस्ती सत्तावीस हजारांच्या आसपास. बंदुका, सायकली, शिवणयंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांचं गाव. हात काळे करून कमावणारी माणसं. त्यांचा क्लब २०१३ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून प्ले-ऑफ खेळून वर आला आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीत पहिला आला. ला लीगाची जागा मैदानावर मिळवली होती. पण १९९९ च्या एका सरकारी नियमाप्रमाणे त्यांचं भागभांडवल कमी पडत होतं. ते भरून काढलं नाही, तर वर जाणं दूरच, उलट खाली ढकललं जाण्याची वेळ होती. क्लबवर कर्ज नव्हतं. खर्च ऐपतीत ठेवणं हाच जणू त्यांचा दोष ठरला होता.

तेव्हा एइबारने शेअर विक्रीला काढले. हवे होते सुमारे १७ लाख युरो. एका माणसाने एक लाख युरोपेक्षा जास्तीचे शेअर घ्यायचे नाहीत अशी मर्यादा घातली, म्हणजे एखादा धनाढ्य येऊन क्लब खिशात घालणार नाही. तरुणपणी इथे उसने म्हणून खेळून गेलेले झाबी आलोन्सो आणि डेव्हिड सिल्वा मोहिमेच्या मागे उभे राहिले. गावातल्या दुकानदारांपासून परदेशातल्या अनोळखी फुटबॉलवेड्यांपर्यंत लोकांनी छोटे छोटे शेअर घेतले आणि मुदतीच्या आत रक्कम जमली. एइबार सात हंगाम ला लीगात टिकलं. २०२१ मध्ये खाली आलं. २०२२ मध्ये पुन्हा थेट वर जायची संधी शेवटच्या दिवशी, आधीच खाली घसरलेल्या आल्कोर्कोनविरुद्ध, शेवटच्या मिनिटांत खाल्लेल्या गोलाने गेली. प्ले-ऑफमध्ये जिरोनाने त्यांना रोखलं. गाव तिथेच आहे, क्लबही तिथेच आहे.

मला यात कोल्हापूर दिसतं. फाउंड्री आणि मशिनशॉपवर जगणारं गाव, कोणापुढे न वाकण्याचा स्वभाव, आणि वर्गणी काढून काहीही उभं करण्याची सवय. गणपतीची पावती फाडणाऱ्या आपल्या मंडळांना शेअर विकण्याची कल्पना परकी वाटायचं कारण नाही.

आपल्याच राज्यात पैशाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या क्लबांचं काय झालं, तेही पाहायला हवं. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये बंद झाला. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर राहिला नाही. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला. हे संघ चांगले होते, त्यांनी खेळाडू घडवले, कोल्हापूरचेही घडवले. पण मालकाचा व्यवसाय अडचणीत आला किंवा मन उडालं की दुसऱ्या दिवशी कार्यालयाला कुलूप. त्यांच्यासाठी रडणारी गल्ली नव्हती. पाटाकडीलचा किंवा दिलबहारचा संघ कोणी असा बंद करू शकत नाही, कारण तो कुणा एकाच्या मालकीचा नाहीच.

मग अडतं कुठे? वरच्या वाटेवर अडतं. केएसए लीग जिंकलेली तालीम त्या जोरावर आपोआप कुठेच जात नाही. चषक मिळतो, मिरवणूक निघते, गुलाल उधळला जातो, आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्याच पंधरा संघांशी गाठ. देशपातळीवर आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलचं दार २०२३ मध्ये पहिल्यांदा उघडलं. पंजाबचा संघ गेला, पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मेडन गेला. २०२३-२४ पासून आय-लीग ३ सुरू झाली आणि तिच्यासाठी राज्य संघटना क्लबांची नावं पाठवतात. कागदावर शिडी पूर्ण झाली, पण कोल्हापूरच्या तालमीसाठी तिची खालची पायरी जमिनीपासून उंच आहे. परवाना, वयोगटांचे संघ, पात्र प्रशिक्षक, देशभरचा प्रवास, हा सगळा खर्च राजकीय नेत्याच्या नावाच्या चषकातल्या बक्षिसाने भागत नाही.

त्यामुळे वर जातात ती माणसं. अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा पुण्याच्या क्रीडापीठात घडला, २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे वरिष्ठ भारतीय संघातही आला. निखिल कदम मोहन बागानपर्यंत पोचला. गोलरक्षक सुखदेव पाटील दिल्लीकडून आयएसएल खेळला. मुलींत एफसी कोल्हापूर सिटीने २०१८-१९ च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळून गावाचं नाव देशाच्या वेळापत्रकात घातलं. या बाबतीत मुली आमच्या तालमींच्या पुढे गेल्या, आणि याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

वर वाट नसली की गावातली ईर्ष्या गावातच फिरत राहते. नोंदणीच्या दिवसांत खेळाडूंची पळवापळवी होते. नायजेरियातून खेळाडू आणले जातात. एका सामन्यासाठी सारी ताकद लावली जाते, आणि मग गॅलरीत शिवीगाळ, बाटल्या, दगड. सामने थांबले आहेत, पोलिसांच्या काठ्या चालल्या आहेत, पोरांवर गुन्हे दाखल झाले आहेत. एकोणीस वर्षांच्या पोराला त्या एका दुपारपायी नोकरीच्या वेळी चारित्र्याचा दाखला मिळत नाही, हे फार वाईट आहे. हे पेठेच्या रक्तातच आहे, असं म्हणून लोक सोडून देतात. मला ते पटत नाही. पाटाकडीलचा संघ उद्या नागपूरला कोल्हापूरच्या नावाने खेळायला निघाला, तर त्याला सोडायला रेल्वे स्टेशनवर प्रतिस्पर्धी शिवाजी पेठेतलीही पोरं येतील, अशी माझी खात्री आहे. २०१७ मध्ये अनिकेतसाठी टीव्हीसमोर बसताना कोणी त्याची पेठ विचारली नव्हती.

दोन गोष्टी लगेच करता येतील असं मला वाटतं. पहिली केएसएच्याच हातातली. वरिष्ठ गटात तळाच्या लगेच वर राहिलेला संघ आणि त्याखालच्या 'ब' गटातला दुसरा, यांच्यात स्पेनसारखी दोन सामन्यांची प्ले-ऑफ ठेवावी. बरोबरी राहिली तर टायब्रेकर नको, वरिष्ठ गटातला संघ टिकेल. मग 'ब' गटातल्या लहान मंडळाला मोठ्या गॅलरीपुढे खेळायचा एक हक्काचा दिवस मिळेल, आणि तळाच्या संघाला शेवटच्या आठवड्यापर्यंत जीव तोडून खेळावं लागेल.

दुसरी राज्य संघटनेच्या हातातली. जिल्ह्यांच्या लीगमधले विजेते एकत्र आणून आय-लीग ३ च्या जागेसाठी उघड प्ले-ऑफ घ्यावी, म्हणजे नाव पाठवण्याचा निर्णय मैदानावर होईल. जिंकणाऱ्या तालमीने परवान्याचे पैसे एइबारसारखे हजार-हजारांच्या शेअरने उभे करावेत, आणि एका माणसाच्या हिश्शावर मर्यादा घालावी. राजारामपुरीच्या गल्ल्यांतूनच पहिल्या आठवड्यात किती पावत्या फाटतील याचा अंदाज मला आहे, आणि आम्हाला तर स्वतःची पेठही नाही. हे सामने मे महिन्यात, पावसाळ्याच्या आधी, शाहू स्टेडियमवर सहज बसतात.