शेपूट मागे नाही, पुढे!

'मी बेंबळीहून एसटीने धाराशिवला जातो.' हे वाक्य इंग्रजीत करून बघा बरं. आपले हून, ने, ला हे शेपटासारखे शब्दाच्या मागे लागतात. इंग्रजीत तेच काम पुढे बसून होतं: 'फ्रॉम बेंबळी', 'बाय बस', 'टू धाराशिव'. पुढचा छोटा शब्द म्हणजे प्रिपोझिशन. तो आणि त्याच्या मागचं नाम किंवा सर्वनाम मिळून झाली प्रिपोझिशनल फ्रेज.

'टू'पाशी मात्र जपा. 'टू धाराशिव' ही फ्रेज आहे, 'टू गो' नाही. 'गो' हे क्रियापद आहे.

ओळखून फायदा काय? परीक्षेतला हमखास प्रश्न घ्या: 'द बॉक्स ऑफ ग्रेप्स इज की आर हेवी?' 'ऑफ ग्रेप्स'वर बोट ठेवून झाका. उरला 'द बॉक्स'. म्हणजे 'इज'च! द्राक्षं कितीही असोत, कर्ता पेटीच.

खरी गोची होते शब्दाला शब्द ठेवल्याने. 'तिच्याशी लग्न' म्हणून आपण 'मॅरीड विथ हर' म्हणून मोकळे होतो. हवं असतं 'मॅरीड टू हर'. 'रविवारी' म्हणजे 'ऑन संडे', पण 'पाच वाजता' म्हणजे 'ॲट फाइव्ह'. एसटीत असाल तर 'ऑन द बस', रिक्षात असाल तर 'इन द रिक्षा'.

म्हणून सुटे शब्द घोकू नका, अख्खी फ्रेज लक्षात ठेवा. कॉलेजला जाताना खिडकीतून दिसेल त्याच्या रोज पाच फ्रेज करा: 'अंडर द ट्री', 'निअर द स्टँड'. इंटरव्ह्यूत मग अडखळायला होणार नाही.