ओढ थंडीची की उबेची?

डिसेंबर सरत आला की मुंबईत एक गंमत पाहायला मिळते. पारा अठरा अंशांवर उतरला की लोकलच्या दारात उभे राहणारे गळ्याला मफलर गुंडाळतात, आणि 'यंदा थंडी पडली हं!' असे जो तो दुसऱ्याला सांगू लागतो. माझे बालपण नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गेले. चाळीस वर्षे मुंबईत काढली, तरी या गारव्याला थंडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्याकडे पहाटे अंगणात बंब पेटायचा. आम्ही भावंडे त्याला वेढा घालून बसायचो आणि तोंडातून निघणाऱ्या वाफेवर बिडी ओढल्याची नक्कल करायचो. रात्री एका गोधडीत दोघे, म्हणजे ओढाओढी ठरलेली. सकाळी तव्यावरची बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा. जानेवारीत पंख्याखाली झोपताना हे सारे आठवते आणि जीव हुरहुरतो.

निफाड ते मुंबई हे अंतर साधारण २०० किलोमीटर. मग हवेत एवढा फरक का? याचे मोठे कारण समुद्र. तेवढ्याच वजनाच्या मातीपेक्षा पाण्याला तापायला चौपटीहून अधिक उष्णता लागते आणि ती सोडायलाही पाणी तितकाच वेळ घेते. त्यामुळे किनाऱ्यावरची हवा एकदम थंड होत नाही. शिवाय हवेतले बाष्प जमिनीतून निघणारी उष्णता पांघरुणासारखे अडवून धरते. निफाड घाटमाथ्याच्या पलीकडे, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. तिथे हिवाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र. दिवसभराची उष्णता रात्री सरळ आकाशात निघून जाते. त्यात उत्तरेकडचे गार वारे आले की पारा चार-पाच अंशांपर्यंतही घसरतो. हे वारे जोर धरतात तेव्हा मुंबईही कुडकुडते. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंश तापमान नोंदले गेले होते. पण असे दिवस विरळाच.

हवेचे कोडे असे सुटते. मनाचे काय? गंमत म्हणजे या हुरहुरीलाही एकेकाळी हवेचाच आजार मानले गेले होते. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे एक प्रबंध लिहिला. घरापासून दूर गेलेली माणसे झुरतात, खंगतात, आणि घरी पाठवले की बरी होतात, असे त्याने मांडले. 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने या दुखण्याला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. पुढे शॉइखत्सर नावाच्या स्विस विद्वानाने त्याचे कारण हवेच्या दाबात शोधले. डोंगरावरच्या माणसाला सपाटीवरची जड हवा सोसत नाही, असा त्याचा तर्क होता. हा तर्क अर्थातच टिकला नाही.

आजचे मानसशास्त्र याला आजार मानत नाही. २०१२ मध्ये चीन आणि नेदरलँड्समधल्या काही प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थंडीत माणसाला जुन्या आठवणी अधिक येतात, आणि त्या आल्या की त्याला ऊब वाटते, असे त्यांत दिसून आले. हे वाचले आणि माझ्या मनातला एक गुंता सुटला. मला आठवत होते ते काय? बंब, चूल, गोधडी, शेजारी झोपलेले भावंड. यातली एकही गोष्ट थंड नाही! थंडीने आम्हाला एकत्र बसवले होते आणि मी हुरहुरत होतो ते त्या एकत्र बसण्यासाठी.

पण याला आणखी एक बाजू आहे. माझी सर्वांत लाडकी आठवण द्राक्षबागेतल्या शेकोट्यांची. कडाक्याच्या रात्री वडील आम्हाला घेऊन बागेत जायचे. जागोजागी पालापाचोळा पेटवायचा, धूर करायचा. मध्यरात्री जागायला मिळते याचाच आम्हाला केवढा आनंद! काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत मी गावी दादाला फोन केला. 'काय मस्त थंडी असेल ना तिकडे!' म्हटले. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, 'तुला मस्त रे. इथं मणी तडकायला लागलेत.'

पारा फार उतरला की द्राक्षाच्या मण्यांची फुगवण थांबते, तयार होत आलेले मणी तडकतात, वर्षाची कमाई हातची जाते. वडील धूर करत होते तो पीक वाचवण्यासाठी. आमच्यासाठी तो खेळ होता, कारण काळजी त्यांनी एकट्यांनी वाहिली होती. आमच्या वाट्याला फक्त ऊब आली.

तेव्हापासून मी 'मस्त थंडी' असे म्हणत नाही. थंडी वाढल्याची बातमी वाचली की दादाला फोन करतो आणि आधी बाग कशी आहे ते विचारतो. मग तोच कधी कधी म्हणतो, 'संक्रांतीला ये. भोगीची भाकरी खाऊ, शेकत बसू.'

यंदा जाणार आहे. धूर करायची वेळ आली, तर त्याच्याबरोबर बागेत जागायचेही ठरवले आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)