दोन रंगांची शिस्त

चित्रपटातील रंगांनी मोहित झालेला हौशी छायाचित्रकार, आपल्या छायाचित्रांतही तीच कांती उतरावी म्हणून, जेव्हा संगणकावरील तयार फिल्टर एकामागून एक चढवून पाहतो, तेव्हा बहुधा निराशाच त्याच्या पदरी पडते. कारण चित्रपटाची वर्णशैली हा चित्रावर मागाहून फासलेला लेप नसून, कोणते रंग राखावयाचे व कोणते सोडावयाचे यासंबंधी आगाऊ केलेली तजवीज असते. याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे अमेरिकेतील टेक्निकलर कंपनीची जुनी द्विवर्णी पद्धती होय.

मनुष्याच्या डोळ्यास दिसणारे बहुतेक रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने साधतात. परंतु १९२२ साली ‘द टोल ऑफ द सी’ हा चित्रपट निघाला, तेव्हा कंपनीचा कॅमेरा त्यांपैकी दोहोंचीच नोंद घेई. भिंगामागील लोलकाने प्रकाश दुभंगून त्याचा एक भाग तांबड्या व दुसरा हिरव्या गाळणीतून कृष्णधवल फितीवर उमटे. पुढे तांबड्या नोंदीची प्रत निळसर हिरव्या आणि हिरव्या नोंदीची प्रत नारिंगी तांबड्या रंगात रंगवून, त्या दोन पातळ प्रती पाठीला पाठ लावून चिकटवीत. निळ्या प्रकाशाचे स्वतंत्र दप्तरच नसल्यामुळे खरा निळा, जांभळा व शुद्ध पिवळा हे रंग या सृष्टीतून हद्दपार झाले. मनुष्याच्या त्वचेचा वर्ण मात्र सजीव उतरे.

ही मर्यादा ओळखूनच अभिनेते-निर्माते डग्लस फेअरबँक्स यांनी १९२६ च्या ‘द ब्लॅक पायरेट’साठी आधी रंगचाचण्या घेतल्या, आणि नेपथ्य व वेषभूषा यांत तपकिरी व हिरव्या अशा संयत छटांवर भर दिला. १९३२ साली डिस्ने यांच्या ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ या लघुपटात टेक्निकलरची त्रिवर्णी पद्धती अवतरली, तरी द्विवर्णी पद्धतींचा अंमल लगेच संपला नाही. मुंबईत अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने १९३७ साली काढलेला ‘किसान कन्या’ सिनेकलर या द्विवर्णी पद्धतीनेच रंगीत झाला होता.

हीच लुप्त कांती मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २००४ च्या ‘द एव्हिएटर’मध्ये संगणकाच्या साहाय्याने पुन्हा जागविली. हॉवर्ड ह्यूज यांच्या जीवनावरील या चित्रपटाच्या पूर्वार्धात ताटलीतील मटारसुद्धा निळसर दिसतात, आणि कथा पुढे सरकते तसा त्रिवर्णी काळाचा संपन्न रंगविलास प्रकट होतो.

स्थिर छायाचित्रात हा परिणाम साधण्यास फार मोठी सामग्री लागत नाही. संगणकीय चित्रातील प्रत्येक बिंदूची तांबडी, हिरवी व निळी अशी तीन मूल्ये असतात. ‘चॅनेल मिक्सर’ या साधनात निळ्या चॅनेलचे स्वतःचे मूल्य शून्यावर आणून त्याच्या जागी हिरव्या चॅनेलचे शंभर टक्के मूल्य भरावे. म्हणजे तिसरी नोंद पुसली जाऊन, जुन्या कॅमेऱ्याप्रमाणे, दोनच उरतात. नंतर तांबड्या छटा किंचित नारिंगीकडे वळवाव्यात व रंगांची तीव्रता जराशी उतरवावी. एवढे केल्यावर निरभ्र आकाश मोरपंखी होते, पर्णराजीवर निळसर झाक येते, हळदीचा पिवळा रंग फिक्या गुलाबीकडे झुकतो, जांभळे वस्त्र काळपट तांबडे दिसते, आणि कुंकू मात्र जवळजवळ जसेच्या तसे राहते.

परंतु या कृतीबरहुकूम चालूनही पिवळ्या झेंडूंच्या राशीचे छायाचित्र निस्तेजच होईल, कारण ज्या रंगावर त्याचे सौंदर्य उभे आहे तोच आपण काढून घेतलेला असतो. उलट, मातीच्या भिंतीपाशी हिरव्या पातळात बसलेल्या वृद्धेची मुखमुद्रा त्याच दोन रंगांत अधिक गंभीर व एकाग्र भासेल. म्हणून ज्यास ही शैली मनापासून हवी असेल, त्याने संगणकापाशी बसण्यापूर्वी, विषय, वस्त्रे व पार्श्वभूमी निवडतानाच, तिसऱ्या रंगाचा त्याग मान्य करावा. फेअरबँक्स यांनी कॅमेरा सुरू करण्यापूर्वी जो विवेक दाखविला, तोच या शैलीचा खरा प्राण आहे, आणि तो पुरविणे कोणत्याही यंत्राच्या हाती नाही.